चावायचे किती आणि चघळायचे किती?

सप्रेम नमस्कार,

आपले चार पानी पत्र मिळाले. शब्दांविषयीच्या शंका या सदराकडे नेहमीच येतात. परंतु एकाच घरात, एकाच महिन्यात, नवऱ्याला एक इंग्रजी शब्द दंतवैद्याकडून आणि बायकोला दुसरा समुपदेशकाकडून मिळावा आणि त्या दोन शब्दांवरून घरात अबोला धरला जावा, असा प्रसंग माझ्यासमोर प्रथमच आला आहे. इतर वाचकांसाठी पत्रातील मजकूर थोडक्यात देतो.

पत्रलेखक ७१ वर्षांचे असून नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रबराचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म मिक्सिंग मिलवर काढला. कच्चे रबर दोन रोलांमधून पुन्हा पुन्हा काढून मऊ करण्याच्या कामाला तिथे ‘मॅस्टिकेशन’ म्हणत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना संपूर्ण कवळी बसवण्यात आली आणि दंतवैद्यांनी दिलेल्या सूचनापत्रात पहिलीच सूचना ‘लहान घास घ्या आणि दोन्ही बाजूंनी मॅस्टिकेट करा’ अशी निघाली. त्याच सुमारास, माहेरच्या शेतजमिनीवरून भावाशी वाद झाल्यापासून झोप उडालेल्या त्यांच्या पत्नी एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागल्या होत्या. ‘तुमचे रूमिनेशन फार होते आहे, ते आपण कमी करू या,’ असे त्या बाई म्हणाल्या. घरी येऊन वहिनींनी नातीच्या शब्दकोशात पाहिले, तर अर्थ निघाला ‘रवंथ करणे’. ‘मी काय गाय आहे का?’ असे म्हणून त्यांनी पुढच्या भेटीला जायचे नाकारले आहे. पत्रलेखकांनी विचारले आहे की हे दोन शब्द एकच आहेत का. एकच असतील तर एकाला जास्त चावा आणि दुसरीला कमी चावा असे का सांगितले जाते. आणि पत्नीची समजूत कशी घालावी. पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे: इंग्रजी ‘च्यू’ हा शब्द आपल्या ‘चावणे’वरूनच गेला, असे त्यांनी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर ठासून सांगितले होते, त्यावर एका निवृत्त शिक्षकांनी हरकत घेतली आहे, तर खरे कोणाचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मॅस्टिकेट करणे म्हणजे घास गिळण्यापूर्वी दातांनी बारीक करणे, आणि रूमिनेट करणे म्हणजे एकदा गिळलेला घास पुन्हा तोंडात आणून चावणे. जबडा दोन्हीकडे तेच काम करतो. फरक आहे तो गिळणे कुठे येते याचा. दंतवैद्य आपल्याला गिळण्याच्या अलीकडचे काम वाढवायला सांगत आहेत आणि समुपदेशक बाई वहिनींना गिळण्याच्या पलीकडचे काम कमी करायला सांगत आहेत, त्यामुळे दोघांच्या सल्ल्यात विरोध मुळीच नाही. अर्थ असे सख्खे शेजारी असले तरी दोन्ही शब्दांची घराणी निराळी आहेत, आणि घरातला अबोला लक्षात घेता वहिनींच्या शब्दापासून सुरुवात करणे बरे.

लॅटिन भाषेत ‘रूमेन’ म्हणजे घसा, अन्ननलिकेचा वरचा भाग. त्यावरून ‘रूमिनारे’ हे क्रियापद आले आणि त्याचे दोन अर्थ लॅटिनमध्येच रूढ झाले होते: जनावराने रवंथ करणे आणि माणसाने एखादी गोष्ट मनात घोळवणे. इंग्रजीने सोळाव्या शतकात हा शब्द उचलला तो या दोन्ही अर्थांसकट. म्हणजे गाईवरून माणसावर हा शब्द आधुनिक डॉक्टरांनी कोणाला हिणवण्यासाठी लादलेला नाही. तो जवळजवळ दोन हजार वर्षे दोघांना सारखाच वापरला जात आहे. पुढे शरीरशास्त्राने ‘रूमेन’ हे नाव गाई-म्हशींच्या पोटातील पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्याला दिले. मोठ्या गाईच्या या कप्प्यात १०० लिटरहून अधिक ऐवज मावतो. गाय चरताना गवत नीट न चावताच गिळत जाते, ते या कप्प्यात भिजते, तिथले सूक्ष्मजीव ते फोडू लागतात, आणि मग निवांत बसल्यावर गाय त्यातला एकेक घास वर आणून सावकाश चावते. दिवसाचे साधारण ६ ते ८ तास तिचे यातच जातात.

माझे आजोळ निफाड तालुक्यातले. रात्री जेवणे झाल्यावर आजोबा कंदील घेऊन गोठ्यात एक फेरी मारत, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या मागे असे. कंदिलाच्या उजेडात गाईच्या मानेकडे पाहत उभे राहिले की खालून वर एक लाट सरकताना स्पष्ट दिसते, मग खालचा जबडा आडवा फिरू लागतो, पन्नासेक वेळा फिरतो, थांबतो, ती लाट मानेवरून खाली उतरते, गाय क्षणभर काहीच करत नाही, आणि पुन्हा दुसरी लाट वर येते. आजोबा इतकेच पाहायला येत असत. गाय रवंथ करत असेल तर ते कंदील उचलून झोपायला जात. करत नसेल तर त्या रात्री घरात कोणी नीट झोपत नसे आणि सकाळी उजाडताच गुरांच्या डॉक्टरांना निरोप जाई. रवंथ थांबणे हे जनावर आजारी असल्याचे लक्षण आहे, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

म्हणूनच मला वाटते की या प्रकरणात अपमान झालाच असेल तर तो वहिनींचा झाला नसून गाईचा झाला आहे. गाय रवंथ करते ती गवताचे दूध व्हावे म्हणून. तिचा घास प्रत्येक फेरीत पुढे सरकतो. मानसशास्त्रात ज्याला रूमिनेशन म्हणतात त्यात नेमके हेच होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सूसन नोलेन-होक्सेमा यांनी १९९१ साली मांडलेल्या विचारानुसार, मन खिन्न असताना जी माणसे आपल्याच दुःखाकडे, त्याच्या कारणांकडे आणि परिणामांकडे पुन्हा पुन्हा वळत राहतात, मात्र ते हलके होईल असे काही करत नाहीत, त्यांची खिन्नता अधिक काळ टिकते. ‘मी त्या दिवशी सही का केली?’, ‘भावाने असे का केले?’, ‘माझ्याच वाट्याला हे का?’ असे प्रश्न रात्री दोन वाजता परत येतात, उत्तर न घेता जातात आणि तीन वाजता पुन्हा येतात. समुपदेशक बाईंना अभिप्रेत होते ते हे.

गंमत म्हणजे या शब्दाला पूर्वी चांगला मान होता. मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती मठांत धर्मग्रंथातील एखादे वचन दिवसभर मनात घोळवत, पुटपुटत राहण्याच्या साधनेला ‘रूमिनात्सिओ’ म्हणत आणि ती उपासनेची एक पायरी मानली जाई. म्हणजे आपण ज्याला मनन म्हणतो त्याच्या अगदी जवळचा हा शब्द होता. इंग्रजीतही ‘रूमिनेट’ म्हणजे शांतपणे, सावकाश विचार करणे हा अर्थ आजही चालू आहे, आणि एखाद्या लेखकाला कोणी ‘रूमिनेटिव्ह’ म्हटले तर ते त्याचे कौतुक असते. शब्दाला रोगाची छटा आली ती गेल्या काही दशकांत, मानसशास्त्राच्या दवाखान्यात. वहिनींनी शब्दकोशात पाहिला तो जुना अर्थ, आणि बाई बोलल्या तो नवा.

आता प्रश्न असा, की बाईंना मराठीत काय म्हणता आले असते. माझे मत विचाराल तर ‘रवंथ’ हा शब्द इथे नकोच. आपल्याकडे याला ‘चघळणे’ हा नेमका शब्द आहे. चघळण्यात गिळणे असतेच असे नाही. जिन्नस तोंडात या गालातून त्या गालात फिरत राहतो. ‘तोच तो विषय किती दिवस चघळणार?’ असे आपण सहज म्हणतो आणि ऐकणाऱ्याला राग आला तरी आपल्याला जनावर म्हटले असे वाटत नाही. उसाच्या कांडक्यातला रस संपल्यावरही चिपाड तोंडात ठेवून दाढांनी चिरडत राहावे, हिरड्या दुखाव्यात आणि गोडवा काही मिळू नये, तशी ती अवस्था आहे. विद्वानांच्या सभेत यालाच ‘चर्वितचर्वण’ म्हणतात, म्हणजे चावून झालेले पुन्हा चावणे, आणि तो शब्द ऐकल्यावर वक्ता खाली बसतो. वहिनींना एवढेच सांगावे, की बाई म्हणाल्या ते ‘तेच ते चघळणे कमी करू या’ असे होते. ‘करू या’ म्हणाल्या, म्हणजे स्वतःलाही त्या कामात धरले होते. पुढच्या भेटीला जाताना ‘हा शब्द मला लागला’ असे वहिनींनी त्यांना मोकळेपणाने सांगावे. समुपदेशकाला असे सांगणे उद्धटपणाचे नसते, उलट त्यातून त्यांना पुढचे शब्द निवडायला मदत होते. झोपेचा प्रश्न मात्र भाषेच्या सदरात सुटणारा नाही, त्यामुळे भेटी सोडू नयेत.

एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती वहिनींना आवडेल. आपला ‘रवंथ’ संस्कृत ‘रोमन्थ’पासून आला आहे. ग्रामाचे गाव झाले आणि नामाचे नाव झाले, त्याच चालीने रोमन्थातल्या ‘म’चा ‘व’ झाला. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त राजा शिकार थांबवण्याची आज्ञा देतो तेव्हा, आता हरणांचे कळप सावलीत जमून खुशाल रोमन्थ करोत, असे म्हणतो. भीती गेली की प्राणी रवंथ करायला बसतो, हे कवीने अचूक टिपले आहे. हा ‘रोमन्थ’ आणि लॅटिन ‘रूमेन’ दूरच्या नात्याने एका मुळातले असावेत, असे काही व्युत्पत्तिकारांनी सुचवले आहे. ते नाते सिद्ध झालेले नाही, तेव्हा कट्ट्यावर ‘असावे’ एवढेच म्हणावे. ‘आहेच’ म्हणून पुन्हा अडचणीत येऊ नये.

आता आपल्या शब्दाकडे वळू या. ‘मॅस्टिकेट’ इंग्रजीत आला तो सतराव्या शतकात, उत्तरकालीन लॅटिनमधील ‘मास्तिकारे’ या क्रियापदावरून, आणि ते क्रियापद आले ग्रीक भाषेतून, जिथे दात कराकरा चावणे यासाठी ‘मास्तिखान’ असे क्रियापद होते आणि जबड्याला ‘मास्ताक्स’ म्हणत. याच कुटुंबात ‘मास्तिखे’ नावाचा एक डिंक आहे. एजियन समुद्रात कियोस नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिण भागातल्या गावांत पिस्त्याच्या जातभाईचे एक बुटके झाड वाढवतात. उन्हाळ्यात त्याच्या सालीला बारीक चिरा देतात, खालची जमीन झाडून तिच्यावर पांढरी भुकटी पसरतात, आणि चिरेतून ओघळलेला चीक थेंबाथेंबाने त्या भुकटीवर पडून घट्ट होतो. हे खडे लोक फार प्राचीन काळापासून तोंड स्वच्छ राहावे, श्वासाला सुवास यावा म्हणून चघळत आले आहेत. ही लागवडीची विद्या युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. म्हणजे चावण्याच्या शब्दावरून डिंकाला नाव पडले आणि तो डिंक जगभर गेला.

जगभर म्हणताना त्यात नाशिकही आले. जुन्या नाशकात काष्ठौषधींचे दुकान असलेल्या कोणाही दुकानदाराकडे ‘रुमी मस्तकी’ मागावी. तो मागच्या फळीवरची बरणी काढील, आणि कागदावर हरभऱ्याच्या डाळीएवढे, फिकट पिवळे, काचेसारखे पण वरून धुरकट असे चार खडे टाकील. भाव ऐकल्यावर चारच का टाकले तेही कळेल. ‘रुमी’ म्हणजे रूमची, पूर्व रोमन साम्राज्याच्या मुलखातली, आणि ‘मस्तकी’ म्हणजे तोच ग्रीक ‘मास्तिखे’, अरबीतून युनानी वैद्यकाबरोबर आपल्याकडे आलेला. या मस्तकीचा आपल्या मस्तकाशी काहीही संबंध नाही आणि ‘रुमी’चा ‘रूमिनेट’शी तर त्याहून नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या पत्राचा एकूण उत्साह पाहता आपण तिथवर पोहोचला असता.

‘मास्तिकारे’चे फ्रेंचमध्ये झिजून ‘माशे’ झाले, म्हणजे चावणे. तिथून एक शब्द आपल्या शाळांच्या हस्तकलेच्या तासापर्यंत आला आहे: ‘पेपर माशे’. त्याचा शब्दशः अर्थ ‘चावलेला कागद’ असा होतो. गणेशोत्सवात कागदाच्या लगद्याच्या मूर्ती आपण पाहतो. रद्दी रात्रभर पाण्यात भिजवून, कुटून, डिंक घालून मळलेला तो राखाडी गोळा हातात घेतला की फ्रेंचांना चावलेल्या घासाची आठवण का झाली असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि आता रबर, ज्याविषयी मी आपल्याला सांगणे म्हणजे काशीस जाऊन गंगाजल विकण्यासारखे आहे. तरीही शब्दाची गोष्ट म्हणून सांगतो. लंडनमधील टॉमस हॅनकॉक हा कारागीर रबराच्या पट्ट्या कापून विकत असे आणि कापताना उरलेले तुकडे वाया जात. ते बारीक करून पुन्हा वापरता यावेत म्हणून त्याने १८२० साली एक यंत्र तयार केले: एका पोकळ दंडगोलात दाते असलेला रूळ. तुकड्यांचा चुरा होईल अशी त्याची अपेक्षा होती. पण रूळ फिरवल्यावर आत गरम, मऊ, एकजीव झालेला गोळा निघाला. दातांत सापडून घासाचा जसा गोळा होतो तसाच तो होता, आणि पुढे या यंत्राला ‘मॅस्टिकेटर’ असेच नाव पडले. सुरुवातीला मात्र कोणाला सुगावा लागू नये म्हणून हॅनकॉक त्याला ‘पिकल’ म्हणत असे. लोणचे! आपल्या कारखान्यातील दोन रोल वेगवेगळ्या गतीने फिरून रबराला ओढतात, चिरडतात आणि त्याच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडतात. त्यामुळे रबराचा ताठरपणा जाऊन ते कार्बन आणि गंधक पोटात घ्यायला तयार होते. मॅस्टिकेशनशिवाय मिश्रण नाही, हे आपण किती नव्या पोरांना सांगितले असेल! दंतवैद्यही आपल्याला तेच सांगत आहेत, फक्त या वेळी मिल आपल्या तोंडात बसवली आहे.

कवळीविषयीच्या सूचनेतला ‘दोन्ही बाजूंनी’ हा भाग शोभेचा नाही. खरे दात जबड्याच्या हाडात रुतलेले असतात, कवळी मात्र हिरडीवर नुसती टेकलेली असते. एकाच बाजूने घास दाबला की दुसरी बाजू उचलली जाते, तिच्याखाली अन्नाचे कण शिरतात आणि हिरडी सोलते. म्हणून घासाचे दोन भाग करून दोन्ही दाढांखाली एकाच वेळी ठेवायचे असतात. कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर दोन बोटे ठेवून दात आवळून पाहावे. तिथे जो स्नायू टणक होतो त्याचे नाव ‘मॅसेटर’, आणि तेही चावणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरूनच आले आहे. दोन्ही बाजूंचे हे स्नायू सारखेच टणक होत असतील तर आपण सूचनेप्रमाणे चावत आहात असे समजावे. ‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण पत्रात खिन्नपणे उद्धृत केली आहे. चणे थोडे दिवस राहू द्यावेत. नाशिकचा चिवडाही राहू द्यावा, कारण त्यातला शेंगदाणा आणि खोबऱ्याचा काप नव्या कवळीला सोसत नाही. मिसळीवरचे फरसाण रश्श्यात पुरेसे भिजू दिले तर मात्र हरकत नसावी, तरी दंतवैद्यांना विचारून घ्यावे.

घास बत्तीस वेळा चावावा, हे आपल्या वडिलांनी शिकवलेले खरे का, असेही आपण मध्येच विचारले आहे. बत्तीस दात म्हणून बत्तीस वेळा हा हिशेब लक्षात ठेवायला सोयीचा, इतकेच. विसाव्या शतकाच्या आरंभी होरेस फ्लेचर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने घासाचे पाणी होईपर्यंत चावावे असा प्रचार इतक्या जोरात केला, की लोक त्याला ‘महान मॅस्टिकेटर’ म्हणू लागले आणि त्याच्या आडनावावरून चावण्याचे एक नवे क्रियापदच काही काळ इंग्रजीत चालले. क्रियापद विरले, जेवणे पुन्हा वेळेवर आटोपू लागली.

येथवर मी दोन शब्दांची दोन वेगळी घराणी सांगितली. पण ती एके ठिकाणी भेटतात, आणि मला या सगळ्यात सर्वांत रमणीय वाटते ती हीच जागा. गाय रवंथ करताना जो घास वर आणते त्याला साध्या इंग्रजीत ‘कड’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत या शब्दाचे रूप ‘क्विदू’ असे होते, आणि त्याचा अर्थ रवंथाचा घास असा होता, तसाच चघळायचा डिंक असाही होता. इतकेच नव्हे, तर जुन्या इंग्रजीतील वैद्यकाच्या पोथ्यांत कियोसच्या त्या मस्तकीचे नाव ‘पांढरा क्विदू’ असे लिहिलेले आढळते. म्हणजे ज्या डिंकाच्या कुटुंबात ‘मॅस्टिकेट’ वाढला, त्या डिंकाला इंग्रज माणूस एके काळी गाईच्या रवंथाच्या शब्दाने ओळखत होता. तंबाखूचा जो बार आपल्याकडे गालात धरतात, त्यासाठी इंग्रजीत असलेला ‘क्विड’ हा शब्दही या ‘कड’चेच दुसरे रूप आहे.

या ‘कड’चा संस्कृतातला भाऊ आहे ‘जतु’. जतु म्हणजे लाख, डिंक, चिकट राळ. पांडवांना जाळण्यासाठी बांधलेले लाक्षागृह महाभारतात ‘जतुगृह’ म्हणून येते. पंचवटीच्या बाजारात आपण ‘शिलाजित’ या नावाने जे काळे चिकट औषध पाहतो, ते मुळात ‘शिलाजतु’, म्हणजे दगडातून पाझरणारी राळ. शिळा जिंकण्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘जतु’ आणि ‘कड’ कानाला भाऊ वाटत नाहीत, हे मान्य आहे. ते भाऊ का ठरतात, यातच आपल्या ताज्या कलमाचे उत्तर आहे.

संस्कृत आणि इंग्रजी या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या असल्या तरी हजारो वर्षांत त्यांचे ध्वनी नियमाने बदलले आहेत, आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ साली त्यातला एक मोठा नियम नीट मांडून दाखवला. संस्कृतात जिथे ‘ज’ आहे तिथे इंग्रजीत बहुधा ‘क’ सापडतो, मग तो आज उच्चारात असो की फक्त लेखनात उरलेला असो. ‘जन’ला ‘किन’, ‘ज्ञा’ला ‘नो’, ‘जानु’ला ‘नी’; शेवटच्या दोन्ही शब्दांच्या स्पेलिंगमध्ये आरंभी ‘के’ अजून उभा आहे. दाताला किंवा जबड्याला संस्कृतात ‘जम्भ’ म्हणतात, त्याचा इंग्रजी भाऊ ‘कोम’, म्हणजे दातांचा कंगवा. याच वाटेने ‘जतु’ आणि ‘कड’. उलट संस्कृतातील ‘च’च्या जागी इंग्रजीत ‘ह’ किंवा ‘व्ह’ यायला हवा, जसे ‘चक्र’ला ‘व्हील’.

आता ‘च्यू’ पाहा. जुन्या इंग्रजीत तो ‘चेओवान’ होता, आणि त्यातला ‘च’ हा मुळात ‘क’ होता. जर्मनमध्ये आजही चावण्याला ‘काउएन’ आणि डचमध्ये ‘काउवेन’ म्हणतात. म्हणजे त्याचा पूर्वेकडचा भाऊ शोधायचा तर तो ‘ज’ने किंवा तत्सम ध्वनीने सुरू झाला पाहिजे, आणि तो फारसीत आहे: ‘जवीदन’, म्हणजे चावणे. आपला ‘चावणे’ आला संस्कृत ‘चर्व्’पासून, प्राकृतातल्या ‘चव्व’मार्गे, सर्पाचा सप्प आणि सप्पाचा साप झाला, कर्माचा कम्म आणि कम्माचे काम झाले, अगदी तसाच. ‘चर्व्’ला इंग्रजीत भाऊ असता तर तो ‘च’ने सुरू झालाच नसता. दोन्ही शब्द आज ‘च’ने सुरू होतात, दोन्हींत पुढे ओठांचा गोल होतो, दोन्हींचा अर्थ एक, तरीही हा निव्वळ योगायोग आहे. ‘जतु’ आणि ‘कड’ एकमेकांसारखे दिसत नाहीत आणि सख्खे आहेत; ‘चावणे’ आणि ‘च्यू’ जुळ्यांसारखे दिसतात आणि नात्यातलेही नाहीत. तेव्हा कट्ट्यावरचे शिक्षक बरोबर आहेत. आपण त्यांना तसे सांगावे, आणि सांगताना ‘जतु’चे उदाहरण पुढे करावे, हार मान्य करतानाही हातात काही तरी चांगले असले की चहा आपल्याला पाजावा लागत नाही.

मराठीच्या बाजूने एक मुद्दा मात्र आपण ठेवू शकता. इंग्रजीत कुत्रा करतो ती क्रिया एका शब्दाची आणि आपण घासाचे करतो ती दुसऱ्या शब्दाची. मराठीत कुत्राही चावतो आणि आपणही चावतो. यावरून आपली भाषा तोकडी आहे असे कोणी म्हणाले, तर संस्कृत साहित्यशास्त्राने याच ‘चर्व्’पासून ‘चर्वणा’ हा शब्द घडवून त्याला कोणत्या पदाला नेले ते सांगावे. अभिनवगुप्ताच्या विवेचनात रसिक काव्याचा रस अनुभवतो त्या क्रियेला ‘चर्वणा’ म्हटले आहे. समजणे, जाणणे हे शब्द हाताशी असताना त्यांनी चावण्याचा शब्द घेतला, कारण रस हा चव घेत घेत, दाढेखाली धरून अनुभवायचा असतो. एकाच धातूपासून एकीकडे ‘चर्वणा’ आणि दुसरीकडे ‘चर्वितचर्वण’ निघाले. एकात रस आहे आणि दुसऱ्यात तो संपलेला आहे. वहिनींना त्यांच्या बाईंचे म्हणणे पटवून देण्यासाठी मला याहून सोपी जोडी सुचत नाही.

आपण राहता तिथून चुंचाळ्याची पांजरपोळ फार दूर नसावी. एखाद्या दुपारी दोघांनी तिथे जाऊन सावलीत बसलेल्या गाईंच्या माना पाहाव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. वहिनींचा राग गाईंवर नाही, शब्दावर आहे. येताना जुन्या नाशकात उतरून रुमी मस्तकीचा एक खडा घेतलात तर अवश्य घ्यावा, बोटांत धरून त्याचा वास घ्यावा, नातीला दाखवावा. फक्त आपण तो तोंडात टाकू नये. तोंडाच्या उबेने मस्तकी मऊ होते, कवळीला घट्ट चिकटते, आणि मग दंतवैद्यांना ती खरवडून काढावी लागते.

आपला,
सदरलेखक